मान वळवलेला कुत्रा

भोसरी, ५ ऑक्टोबर २०२५

मिनल,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहितात. आज तो माझ्या हातून उतरत नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, घरच्या ग्रुपमधून तर गेल्या दिवाळीतच निघालीस, तेव्हा उरला हा कागद. तुझ्या बंगळुरूच्या ऑफिसचा पत्ता मला कुठून मिळाला, असं वाटेल तुला. तुझ्या वकिलाच्या नोटिशीवर छापलेला आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती नोटीस स्पीड पोस्टाने दुकानात आली. अण्णा वर जेवायला गेले होते म्हणून सही मी केली. सगळं इंग्रजी. मला कळलं होतं, पण विश्वास बसेना, म्हणून पिशवीत घालून मोशीला घरी नेली आणि तुझ्या दाजींना वाचायला लावली. ते चाकणहून रात्रपाळी करून आलेले, डोळे मिटत होते, पण वाचता वाचता उठून बसले. मजकूर असा, की मान मागे वळवलेला आणि पुढचा डावा पाय उचललेला कुत्रा ही आकृती 'वळून' या तुझ्या कंपनीने रजिस्टर केली आहे, तुमचं दुकान तिची नक्कल विकत आहे, तर पंधरा दिवसांत विक्री थांबवा, ठसा नष्ट करा आणि पुन्हा बनवणार नाही असं लिहून द्या. सोबत पुरावा म्हणून आपल्या मालाचा फोटो.

त्या फोटोत खंडोबा आहे, मिनल. घोड्यावर बसलेला, हातात तलवार, मागे म्हाळसा. कुत्रा घोड्याच्या पायात आहे. तुझ्या वकिलाने लाल रंगाने फक्त कुत्र्याभोवती गोल काढलाय. एवढा घोड्यावरचा देव, तो काही त्याला दिसला नाही. टाक म्हणजे काय हे त्याला कोण सांगणार? चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला देव, जो लोक देव्हाऱ्यात पुजतात. त्याला ते माहीत नसणार. तुला तर माहीत आहे ना?

तुझ्या वेबसाइटवर तू लिहिलंस की पहाटे बिस्किटला फिरवताना तो थांबून तुझ्याकडे वळून बघायला लागला आणि तुला ही आकृती सुचली. वाचून मला हसू आलं, मग रडू आलं, मग नुसता राग राहिला. टाकावरचा तो कुत्रा कसा झाला ते तू माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकलंयस, कारण अण्णा सांगायला लागले की तू त्यांच्या मांडीवर असायचीस. ठसा नेहमी उलटा कोरायचा असतो, म्हणजे पत्र्यावर देव सुलटा उठतो. अण्णा तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे. कुत्र्याचं धड त्यांनी बरोबर उलटं कोरलं आणि डोकं कोरायच्या वेळी विसरून सुलटं कोरलं. पहिला टाक उठला तेव्हा कुत्रा पुढे पळतोय आणि बघतोय मागे. आजोबांनी अण्णांच्या कानाखाली आवाज काढला. पोलाद वाया घालवायची ऐपत नव्हती म्हणून तोच ठसा वापरला आणि गिऱ्हाइकांना तो कुत्राच आवडला. पुढे पंचक्रोशीत लोक टाक हातात घेऊन आधी कुत्रा बघायचे, मान मागे असली की म्हणायचे, हा भोसरीच्या सोनाराचा.

म्हणजे अण्णांची चूक तू तुझी कल्पना म्हणून रजिस्टर केलीस. चोरायला घरात दुसरं काही नव्हतं का गं?

अण्णांना यातलं काहीही माहीत नाही. आई गेल्यापासून त्यांचं सगळं चित्त त्या ठशात आहे. दिवसाला एखादा टाक ठोकतात. माझं मागणं एकच आहे. वकिलाला सांग आणि ही नोटीस मागे घे, अण्णांच्या कानावर जायच्या आत. बाकी मला तुझ्याकडून काही नको.

वर्षाली


भोसरी, १८ ऑक्टोबर २०२५

मिनल,

आज धनत्रयोदशी. दुकानात गर्दी म्हणावी अशी नाही, लोक चांदीचं नाणं घेतात आणि मोठ्या शोरूमकडे जातात. पत्राला तुझं उत्तर नाही. पिंपरीतल्या एका वकिलाला मी नोटीस दाखवली. तो म्हणाला, ताई, पन्नास वर्षांपासून टाक विकताय, ही केस तुम्ही डोळे मिटून जिंकाल. मी विचारलं, त्यासाठी काय करावं लागेल? तो म्हणाला, वडिलांना कोर्टात उभं करावं लागेल. धाकट्या मुलीविरुद्ध बापाने साक्ष द्यायची, की साहेब, हा कुत्रा माझा आहे. मी नोटीस घडी घालून परत आणली.

टाकाचा तो फोटो फेसबुकवर कुणी टाकला हे तुला ठाऊकच असेल, तुझ्या माणसांनी पानासकट छापलाय. हो, मीच टाकला. टाकाला हल्ली कोण विचारतं? तुझ्या जाहिराती रोज माझ्या मोबाईलवर येतात, तेव्हा मीही खाली लिहिलं, 'कुत्राप्रेमींसाठी खास भेट'. लिहिलं तर लिहिलं. तुझ्या पाच वर्षांच्या धंद्यात माझे हात काळे झालेत, मी एक ओळ लिहिली तर आकाश कोसळलं का?

आठवतंय ना कुठून सुरू झालं ते? तू रहाटणीला राहत होतीस, हिंजवडीची नोकरी होती, बिस्किट नुकता आणला होतास. दुकानात येऊन म्हणालीस, अण्णा, मला खंडोबाचा नुसता कुत्रा हवाय, गळ्यात घालायला. अण्णा भडकले. देवाचा कुत्रा देवाच्या पायाशी शोभतो, म्हणाले. मी मागितला असता तर विषय तिथेच संपला असता. तू मागितलास, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी चांदीची चकती तयार होती. मी कडा घासल्या, वर कडी जोडली. सोसायटीतल्या बायका संध्याकाळी आपापली कुत्री घेऊन खाली उतरतात, त्यातल्या एकीने तुझ्या गळ्यात तो बघितला आणि आठवड्याभरात ऑर्डरींची रांग लागली.

तुझं डोकं चालतं हे मी कधी नाकारलं नाही. मालकिणीच्या गळ्यात एक आणि कुत्र्याच्या पट्ट्याला तसाच दुसरा, ही जोडी तुझी. एकटं लॉकेट विकायचंच नाही, ते कुत्र्याला उपाशी ठेवल्यासारखं वाटतं, हे बोलणंही तुझंच. तो व्हिडिओसुद्धा तुझा, ज्यात बाई पाठमोरी चालते, कुत्रा पुढे पळतो, थांबून मागे बघतो आणि अक्षरं येतात, 'तो वळून पाहतो. तुम्ही आहात ना?' लोकांनी डोळे पुसले म्हणे. मीही पुसले असते, पण त्या दिवशी मी शंभर कड्या जोडत होते.

मेलेल्या कुत्र्यासाठीचं लॉकेट मात्र माझं आहे, हे लक्षात ठेव. ताईताला मागून झाकण असतं तसं मी चकतीला लावलं, आत केसांचा पुंजका ठेवायला. पिंपळे सौदागरच्या प्रदर्शनात एक बाई ते हातात धरून हुंदके देत होती. मला गंमत वाटली होती. माणूस गेल्यावर तेराव्याला जेवणावळ आटोपतात आणि कुत्रं गेल्यावर चांदीची पेटी गळ्यात घालून फिरतात. मग तिने आतला पुंजका मला दाखवला, पांढरे केस, म्हातारं होऊन गेलेलं कुत्रं. मला आपली आई आठवली आणि मी आत जाऊन बसले. ते लॉकेट आज तुझा सगळ्यात जास्त खपणारा माल आहे. त्यावर लिहिलंय, 'संकल्पना : मिनल'.

मग माल राजकोटला ओतायला गेला, ऑफिस बंगळुरूला गेलं, कानामागून आली नि तिखट झाली. गेल्या दिवाळीत मी एवढंच म्हटलं की वेबसाइटवर कुठेतरी खाली, बारीक अक्षरात, अण्णांचं नाव घाल. तू म्हणालीस, ताई, ब्रँडला एकच चेहरा लागतो. बरोबर असेल तुझं, मी धंद्याचं शिकले नाही. पण त्या चेहऱ्याला नाक-डोळे कुणाचे आहेत हे तरी विसरू नये माणसाने.

आता महत्त्वाचं. मोशीचे चिमाजी आले होते. ते आणि थोरला भाऊ भिमाजी, दोघं वेगळे झाले, जुनं घर बिल्डरला दिलं. देव रिवाजाप्रमाणे थोरल्याकडे राहिले. वेगळं होणाऱ्या धाकट्याने आपले देव नवे करून घ्यायचे, ते जेजुरीला नेऊन भेटवून आणायचे, मगच त्याचं घर हे घर. चिमाजींना चंपाषष्ठीच्या आत टाक हवाय. अण्णांना म्हणाले, "थोरल्याकडं जसा हाय तसाच पायजे. कुत्रं मागं बघणारं. न्हाई तर आमच्या घरातला द्येव वाटणार न्हाई." अण्णा इतके खूश झाले की त्यांनी पुन्हा कानाखाली बसल्याची गोष्ट सांगितली, चिमाजींनी ती पुन्हा ऐकली.

तुझ्या नोटिशीप्रमाणे हा टाक करणं आता गुन्हा आहे. अण्णांना मी काय सांगू, ते तूच कळव.

वर्षाली


भोसरी, २ नोव्हेंबर २०२५

मिनू,

काल तुझा फोन आला आणि नाव बघून माझ्या हातातली पकड खाली पडली. मी काय काय बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं निम्मंही आठवलं नाही. तू म्हणालीस की नोटीस तू पाठवलीच नाहीस, जयपूर-सुरतेकडचे लोक तुमची आकृती सर्रास उचलतात म्हणून वकिलाचं ऑफिस फोटो शोधत राहतं आणि सापडेल त्याला पाठवतं. दुकानाचं नाव तू वाचलंच नव्हतंस. मी विश्वास ठेवला. ठेवायचाच होता मला.

राजकोटच्या मालात कुत्र्याचा उचललेला पाय कसा तुटका येतो आणि तुला परत आलेल्या डब्यांचे ढीग कसे लागलेत, हे तू सांगितलंस तेव्हा दोघी हसलो. म्हटलं, एका बाबतीत तरी खंडोबा आपल्या बाजूला आहे. बिस्किटला चालायला त्रास होतो हे ऐकून वाईट वाटलं. माझ्याकडे तो कधी यायचा नाही, अण्णांच्या पायाशी मात्र भट्टीजवळ बसून राहायचा.

तू म्हणालीस, ताई, मी बघते, अण्णांना काही त्रास होणार नाही, त्यांना हवे तेवढे टाक करू देत, मी तसं लेखी पाठवते. मी म्हटलं, लेखी कशाला, तू नोटीस मागे घे म्हणजे झालं. तू म्हणालीस, तसं सरळ मागे घेता येत नाही, उद्या दुसरा कुणी त्याचा फायदा घेईल, कागद नीट असलेला बरा. तुझं ते ऑफिसातलं बोलणं मला नीट कळलं नाही. पण तुझा आवाज जुना होता, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

आज सकाळी अण्णांनी चिमाजींच्या टाकासाठी पत्रा कापला. मी त्यांना पहिल्यांदा मोकळ्या मनाने चहा दिला. त्यांनी विचारलं, मिनलचा फोन येतो का तुला? मी म्हटलं, कालच आला होता, तुमची आठवण काढत होती. दुपारी जेवताना त्यांनी भाकरी जास्त खाल्ली.

चंपाषष्ठीला ये जमलं तर. वांग्याचं भरीत आणि भाकरी, दरवर्षीसारखंच. बिस्किटलाही आण.

ताई


भोसरी, १४ नोव्हेंबर २०२५

मिनल,

तुझा कागद आला. माझ्या नावाने आला असता तर मी तो भट्टीत घातला असता आणि कुणाला कळलं नसतं. तू तो अण्णांच्या नावाने पाठवलास. आणि मराठीत पाठवलास. नोटीस इंग्रजी होती म्हणून दीड महिना अण्णा सुखात होते. तू मुद्दाम कुणाकडून तरी त्याचं मराठी करून घेतलंस, त्यांना स्वतःला वाचता यावं म्हणून. तुला वाटलं असेल, केवढी काळजी घेतली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तशी तुझी काळजी आहे, मिनल.

मी कालच्या प्रकाराच्या वेळी तिथेच होते. चिमाजी टाक कुठवर आलाय ते बघायला आले होते. कुरिअरवाल्याने पाकीट अण्णांच्या हातात दिलं. पाठवणाऱ्याच्या जागी 'वळून' वाचून अण्णांचा चेहरा उजळला. चिमाजींना म्हणाले, आमच्या धाकटीच्या कंपनीचं आहे. चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागले. त्यांना वाटलं तू काहीतरी चांगलं लिहिलं असशील, ते चिमाजींनाही ऐकू जावं.

तूच लिहिलेलं आहे, पण पुन्हा वाच. 'मान मागे वळवलेल्या श्वानाची आकृती ही कंपनीची मूळ निर्मिती असून, धार्मिक उपयोगापुरती ती वापरण्याची विनामूल्य परवानगी आपणांस देण्यात येत आहे. सदर आकृती कंपनीच्या मालकीची आहे हे मला मान्य आहे, असे लिहून खाली सही करावी.' अण्णा 'परवानगी' या शब्दापाशी थांबले, पण थांबल्यावरही वाचत राहिले, शेवटपर्यंत, तारखेसकट. मी मध्ये हात घातला तर हात बाजूला केला माझा.

मग मला सगळं सांगावं लागलं, नोटिशीपासून. चिमाजी खाली मान घालून बसले होते. त्यांना बिचाऱ्यांना उठून जावं की बसावं कळत नव्हतं. अण्णांनी एवढंच विचारलं, "कुत्रा तिचा हाय, असं सरकारात लिहिलंय?" मी म्हटलं, लिहिलंय, पण ते खोटं आहे, वकील म्हणतो आपण जिंकू. ते म्हणाले, "लेकीनं लिहिलंय ना? मग खोटं कसं?"

मला वाटलं ओरडतील. माझ्यावर ओरडले असते तरी चाललं असतं, फोटो मी टाकला होता. त्यांनी चिमाजींसाठी कापलेला पत्रा घडी करून बाजूला ठेवला आणि त्यांना चाकणच्या एका सोनाराचं नाव दिलं, टाक चांगले करतो म्हणून. आपल्या दुकानातून खंडोबासाठी गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. चिमाजी म्हणाले, अण्णा, तुमीच करा, कोण बघतंय. अण्णा म्हणाले, "परवानगीनं द्येव करायचा न्हाई. आन दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा न्हाई."

ते गेल्यावर अण्णांनी ठसा फडक्यात बांधला आणि मला स्कूटर काढायला सांगितली. मला वाटलं, तुझ्याकडे पाठवायचा म्हणून कुरिअरवाल्याकडे जायचंय. पण ते मला एमआयडीसीत धोंडीबाच्या वर्कशॉपवर घेऊन गेले. धोंडीबा दिवसभर कंपन्यांचे साचे दुरुस्त करतो, त्याला अण्णा लहानपणापासून ओळखतात. अण्णांनी ठशातल्या कुत्र्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, हा खड्डा वेल्डिंगने भर आणि वरून ग्राइंडिंग मारून सपाट कर. धोंडीबाने हात जोडले. म्हणाला, अण्णा, देवाच्या कामाला मी मशीन लावणार नाही. अण्णा म्हणाले, देवाला हात लावू नकोस, देव माझाच आहे, तेवढा कुत्रा काढ.

वेल्डिंगच्या उजेडाकडे बघू नये म्हणून मी तोंड फिरवलं होतं. अण्णा काळी काच धरून शेवटपर्यंत बघत होते. नंतर मशीनवर चाक फिरलं आणि धोंडीबाने फडक्याने ठसा पुसून दिला. घोड्याच्या पायात आता गुळगुळीत जागा आहे. बोट फिरवलं तर काही लागत नाही.

तुझी परवानगी सहीशिवाय माझ्याकडे पडून आहे. हवी तर परत पाठवते. तुझ्याबद्दल मला इतकं वाईट आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि वाईट वाटतं म्हणजे दया नव्हे, मिनल. मला तुझा तिरस्कार वाटतोय आणि तो वाटतोय म्हणून माझं मलाच नकोसं झालंय.

वर्षाली


भोसरी, २७ नोव्हेंबर २०२५

मिनल,

तुझे मेसेज मिळाले, ब्लॉक काढलास म्हणून. नोटीस तू मागे घेतलीस, सहीची अट काढलीस, वेबसाइटवर अण्णांचं नाव आणि फोटो घालणार आहेस, ठसा पुन्हा कोरून घ्यायचा सगळा खर्च तू करणार आहेस. मी तो मेसेज अण्णांना अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवला. ते ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, बरं झालं, तिला त्रास व्हायचा नाही आता. रागाने म्हणाले नाहीत. एखाद्या ओळखीच्या माणसाचं काम झालं की म्हणतात, तसं म्हणाले.

काल चंपाषष्ठी झाली. भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवला, तळी उचलली. तू येशील असं मला सकाळपर्यंत वाटत होतं. तू विमानाची तिकिटं बघते म्हणालीस आणि मग बिस्किटला सलाईन लावलंय म्हणून राहिलीस. आजारी जनावर टाकून यावं असं मी म्हणणार नाही. पण अण्णांनी दाराकडे एकदाही बघितलं नाही, हे मात्र तुला सांगायला हवं.

या पत्रासोबत डबी आहे. ती उघडण्याआधी हे वाच, कारण मी हे तोंडाने सांगू शकणार नाही.

ठसा सपाट करून आणल्यापासून अण्णा रोज सकाळी लवकर खाली उतरत होते. मला वाटलं कुणाची तरी ऑर्डर घेतली असेल. परवा त्यांनी मला बोलावून टाक माझ्यासमोर मांडले आणि म्हणाले, हे मिनलला पोचते कर. मी म्हटलं, अण्णा, मुलीला कुणी देव देतं का? तिला नवऱ्याकडचे असतात, आणि मिनलने तर लग्नच केलं नाही. ते म्हणाले, मला मुलगे नाहीत, मग वेगळं कोण होणार? ती झाली. चिमाजीनं भावापासून वेगळं झाल्यावर देव मागून घेतले, हिला मागायचं सुचणार नाही, म्हणून आपणच द्यायचे.

त्यांनी तुला शाप दिला नाही, शिवी दिली नाही. रिवाजाप्रमाणे वाटणी केली. आपले देव आता वेगळे झाले, मिनल, म्हणजे सुतक-सोयरही वेगळं. आपल्यात असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे तुला मी काय म्हणायचं तेही मला कळत नाही.

डबीत पहिली तुळजाभवानी आहे. दुसरा खंडोबा. तो सपाट केलेल्या ठशातला पहिला, घोड्याच्या पायात काही नाही. मी विचारलं, निदान हिच्यासाठी तरी कुत्रा हाताने उठवा. ते म्हणाले, कुत्रा तिच्याकडे आहेच.

तिसरा टाक मला आधी कळलाच नाही. बाई आणि बुवा, शेजारी शेजारी उभे, हात जोडलेले. बाईच्या नाकात नथ, बुवांच्या डोक्यावर टोपी आणि डोळ्यांवर चष्मा. चष्मा असलेला टाक मी आजवर पाहिला नव्हता. पूर्वजांचा जोडीचा टाक आहे तो. घरातली दोघंही गेली की करतात, वेगळं होणाऱ्याला देवांबरोबर देतात, म्हणजे त्याच्या देव्हाऱ्यात आईबाप राहतात. आई गेली हे खरं. पण अण्णा माझ्यासमोर बसून टाकाच्या कडा घासत होते.

मी म्हटलं, अण्णा, जित्या माणसाचा टाक करत नाहीत.

ते मान वर न करता म्हणाले, "तुझ्यासाठी कुठं केलाय? तिच्यासाठी केलाय."

कापसात नीट गुंडाळून पाठवते आहे, पत्रा पातळ आहे, जपून काढ. अण्णा खाली दुकानात बसलेत. त्यांची तब्येत चांगली आहे.

वर्षाली